मुलांची बाग मुलांच्याच हातात कशी राहील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेमागे मोकळी जागा आहे, दहा-अकरा वर्षांची मुलं उत्साही आहेत, आजूबाजूच्या वस्तीतले काही जण मदतीला तयार आहेत. मागे एकदा बाग केली होती, पण मुलांचा रस दोन महिन्यांत ओसरला आणि मोठ्या सुट्टीत उरलंसुरलं वाळून गेलं. आता पुन्हा सुरू करायची तर किती जागेत करायची, काय लावायचं, आणि मुलांना त्यातून अन्नाबद्दल, निसर्गाबद्दल खरोखर काही कळावं यासाठी काय करायचं?

शाळांच्या आणि वस्त्यांच्या बागांवर बरीच वर्षं काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. बागेतले निर्णय कुणी घेतले, यावर मुलांचं शिकणं ठरतं. काय पेरायचं, कुठली रोपं विरळ करायची, माव्याची कीड पडली तर काय करायचं, पहिला मुळा कुणी खायचा, हे सगळं मोठ्यांनी ठरवलं की मुलांच्या वाट्याला पाणी घालणं तेवढं उरतं. त्याचा कंटाळा कुणालाही येईल. तुमच्या मुलांचा रस ओसरला त्यामागे हेच कारण असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

पण आधी सुट्टीचं बघू, कारण शाळेच्या बहुतेक बागा तिथेच संपतात. पिकांची यादी करायच्या आधी शाळेचं वर्षाचं वेळापत्रक समोर घ्या आणि मोठी सुट्टी लागते त्या दिवसापासून उलटं मोजत या. लहान लाल मुळा पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत काढता येतो. पालक ३० ते ४५ दिवसांत खुडायला येतो. बुटका घेवडा ५० ते ६० दिवसांत शेंगा देतो, वाटाण्याला ६० ते ७० दिवस लागतात. टोमॅटोचं रोप लावल्यापासून पहिलं पिकलेलं फळ हाती यायला ६० ते ८० दिवस जातात. बटाटा आणि लाल भोपळा ९० ते १२० दिवस घेतात. हवामान आणि वाण यांच्याप्रमाणे हे आकडे मागेपुढे होतात, म्हणून हिशेबात दोन आठवडे जास्तीचे धरा. सुट्टी लागताना टोमॅटो नुकता फुलोऱ्यात आला असेल, तर मुलांनी तीन महिने राबून त्यांना फळ दिसतच नाही. असं एकदा झालं की पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा तयार करणं अवघड जातं.

म्हणून पहिल्या पेरणीत तीन वेगांची पिकं एकत्र ठेवा. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो आणि महिन्याभरात खाता येतो, तो अधीर मुलांसाठी. घेवडा किंवा वाटाणा मधल्या काळासाठी. त्यांचं बी मोठं असतं, लहान बोटांना एकेक करून पेरता येतं, आणि बी फुटून वर येतानाचा सगळा प्रकार डोळ्यांना दिसतो. तिसरं पीक लांबचं, भोपळ्यासारखं. गाजर पहिल्या वर्षी टाळा. बी बारीक, उगवायला दोन-तीन आठवडे, तोवर वरची माती सतत ओली ठेवायची आणि विरळणी नाजूक. दुसऱ्या वर्षी जरूर करा.

जागा किती? तुमच्या मनात आहे त्याच्या निम्मी. एका वर्गाला तीन-चार वाफे पुष्कळ झाले. मोठ्या माणसांसाठी वाफा १२० सेंटिमीटर रुंद चालतो, पण दहा वर्षांच्या मुलाचा हात आत साधारण ४५ सेंटिमीटर पोचतो. तेव्हा दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर रुंदी ९० सेंटिमीटरच्या पुढे नको आणि भिंतीला लागून असेल तर ४५. यापेक्षा रुंद वाफा केला की मुलं आत पाय ठेवतात आणि भुसभुशीत केलेली माती पुन्हा दबते. दोन वाफ्यांमध्ये ६० सेंटिमीटरची वाट ठेवा. वर्गात चाकाच्या खुर्चीवर बसणारं मूल असेल, तर किमान एक वाट ९० सेंटिमीटरहून रुंद आणि कडक जमिनीची हवी, आणि त्या वाटेवरचा एक वाफा बसल्या उंचीला उचललेला हवा.

ऊन मोजायचं काम मुलांनाच द्या. एका सुट्टीविरहित, निरभ्र दिवशी सकाळपासून दुपारी शाळा सुटेपर्यंत दर तासाला सावलीची कड दगडांनी किंवा चुन्याने आखायची. दिवसअखेर कुठे सहा तास ऊन पडतं आणि कुठे चारच, हे जमिनीवरच उमटलेलं असतं. फळं आणि शेंगा देणाऱ्या पिकांना सहा तास लागतात, पालेभाज्या चार तासांवर निभावतात. हा नकाशा मुलांनी स्वतः काढलेला असला की 'इथे टोमॅटो नको' हे तुम्हाला सांगावं लागत नाही. आणि नळ बागेपासून लांब असेल तर आधी पाण्याची सोय करा. रोज भरलेली बादली लांबून उचलून आणायची वेळ आली की सगळ्यात उत्साही मूलही पंधरा दिवसांत थकतं.

आता निर्णयांच्या मुद्द्याकडे. १८६५ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग शहरात मुलांसाठी एक खेळाचं मैदान तयार झालं. श्रेबर नावाच्या तिथल्या डॉक्टरांची आठवण म्हणून त्याला श्रेबरप्लाट्झ हे नाव मिळालं. कार्ल गेझेल या निवृत्त शिक्षकांनी पुढे मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले. हेतू उत्तम होता. मुलांनी सुरुवात केली, मग ती खेळाकडे वळली, वाफ्यांत तण माजलं. ते बघवेना म्हणून पालकांनी कुदळी हाती घेतल्या. काही वर्षांत वाफ्यांभोवती कुंपणं आली आणि त्या कुटुंबांच्या बागा झाल्या. जर्मनीतल्या लाखो भाडेपट्ट्याच्या छोट्या बागा आजही श्रेबरच्या नावाने ओळखल्या जातात. त्या बागांनी शहरातल्या माणसांचं मोठं भलं केलं, यात वाद नाही. पण मुलांसाठी काढलेली बाग मोठ्यांची कशी होते, हेही त्यात दिसतं. कुणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. तण माजलेलं पाहवत नाही एवढंच कारण पुरलं.

हे जगभर होतं. संध्याकाळी मुलं गेल्यावर शिक्षिका तण काढून टाकतात, शिपाईकाका वाकडी ओळ सरळ करतात, पाहुणे यायचे म्हणून नर्सरीतून फुललेली रोपं आणून लावली जातात. मुलांना हे लगेच समजतं. दुसऱ्या दिवशी वाफा आपण सोडला तसा नाही, हे त्यांच्या लक्षात येतं आणि ती हळूच मागे सरकतात.

यावरचा माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला उपाय फार जुना आहे. फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावात लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या आखणीत प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा तुकडा असे आणि त्यांच्या भोवतीने सगळ्यांचे सामाईक वाफे असत. सामाईक वाफ्यात नीट, शिकवल्याप्रमाणे काम करायचं. स्वतःच्या तुकड्यात मुलाने काय लावायचं, कसं लावायचं, ते त्याचं त्याने ठरवायचं, आणि रोपांची निगा चुकली तर त्याचे परिणामही तिथेच बघायचे. ही आखणी आजही तशीच वापरता येते. मोठ्या वर्गात प्रत्येकाला तुकडा देणं जमत नाही, म्हणून चार मुलांच्या गटाला ६० बाय ६० सेंटिमीटरचा एक चौकोन द्या. त्यात त्यांनी सगळी बियाणी एकाच खड्ड्यात ओतली तरी हात लावू नका. आठवड्याभराने दाटीवाटीने आलेली, उंच आणि फिकट रोपं बघून विरळणीची गरज मुलांना कळते, आणि त्यानंतर सामाईक वाफ्यात ती अंतर मोजून पेरतात. तो चौकोन ओसाड पडला तर ओसाड पडू द्या. शेजारच्या गटाचा हिरवा चौकोन रोज डोळ्यांसमोर असतो.

आता खाण्याबद्दल, कारण अनेक ठिकाणी बाग होते, फोटो निघतात आणि भाजी कुणाच्या तरी घरी जाते. लंडनमधल्या प्राथमिक शाळांत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती बाग असल्याने मुलांच्या फळं-भाज्या खाण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. मात्र जिथे बागकाम शाळेच्या कामकाजात खोलवर मिसळलं, तिथे खाणं वाढलेलं दिसलं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन परिसरातल्या १६ प्राथमिक शाळांमध्ये झालेल्या अभ्यासात बागेच्या जोडीला पोषणाचे आणि स्वयंपाकाचे धडे होते. ज्या शाळांत हा कार्यक्रम झाला, तिथली मुलं आधीपेक्षा जास्त भाज्या खाऊ लागली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात एलिस वॉटर्स या रेस्टॉरंट चालवणाऱ्या शेफने १९९५ मध्ये एका माध्यमिक शाळेत बागेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा बागेइतकंच महत्त्व स्वयंपाकघराच्या वर्गाला दिलं. तुमच्याकडे स्वयंपाकघर नसेल. एक पाट, काही बोथट सुऱ्या, एक किसणी, धुवायला पाणी आणि थोडं मीठ-लिंबू एवढ्यावर पुष्कळ काही होतं.

चव घेण्याचे माझे नियम ठरलेले आहेत. कुणावर सक्ती नाही. तोंडात घालून आवडलं नाही तर कागदात थुंकायची मुभा. 'छान' आणि 'घाण' हे दोन शब्द बाद. त्याऐवजी कडू, तुरट, तिखट, पाणचट, दोरेदार, गवताच्या वासाचं असं काहीतरी नेमकं सांगायचं. जो खाईल त्याचं कौतुक नाही, जो खाणार नाही त्याला टोमणा नाही. आणि भाजी खाल्ल्याबद्दल गोड खाऊचं बक्षीस तर अजिबात नाही. त्यातून भाजी म्हणजे शिक्षा आणि गोड म्हणजे सुटका, एवढंच मूल शिकतं. नवी चव स्वीकारायला लहान मुलाला ती साधारण ८ ते १५ वेळा भेटावी लागते. पालकाची भाजी एकदा देऊन 'याला आवडत नाही' असा निकाल लावू नका. बागेचा मोठा फायदा हाच आहे की तीच भाजी आठवड्यामागून आठवडे समोर येत राहते, तीही कुणी ताटात वाढलेली नसते.

एक प्रयोग जरूर करा. वाटाण्याच्या काही शेंगा तोडून दोन दिवस वर्गात उघड्यावर ठेवा. तिसऱ्या दिवशी वेलीवरून ताज्या शेंगा तोडा आणि डोळे मिटून दोन्हींचे दाणे खायला द्या. ताजा दाणा गोड लागतो, ठेवलेला पिठूळ. तोडल्यावर दाण्यातल्या साखरेचं पिष्टात रूपांतर होत राहतं, त्यामुळे हा फरक पडतो. शेतापासून ताटापर्यंतच्या अंतराने काय होतं, हे इतक्या थेटपणे दाखवणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

निसर्ग शिकण्याचा खरा ऐवज मात्र तोडणीच्या पलीकडे आहे. बहुतेक शाळांत मुळा उपटला की वाफा मोकळा करतात, आणि मुळ्याला फूल येतं हे मुलांना ठाऊकच नसतं. प्रत्येक वाफ्यातली दोन-तीन झाडं तोडायची नाहीत, असं पहिल्याच दिवशी ठरवा. त्यांना रंगीत फडकं बांधून ठेवा. मुळा जून होतो, मधून दांडा वर काढतो, पांढरी-जांभळट फुलं येतात, त्यावर मधमाश्या घोंगावतात, मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतात. डिंगऱ्या कोवळ्या असताना मुलांना खाऊन बघू द्या, मुळ्याचाच तिखटपणा शेंगेत कसा आला यावर चांगली चर्चा होते. उरलेल्या वाळू द्या आणि त्यातलं बी काढा. एका बियाण्यापासून किती बिया मिळाल्या, हे मोजायला लावा. मुलं मोजता मोजता थक्क होतात.

बी राखायचं असेल तर घेवडा, वाटाणा आणि टोमॅटो ही सोपी पिकं. त्यांची फुलं बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांनी फळतात, त्यामुळे बी वाणाला धरून येतं. शेंगा झाडावरच खडखडीत वाळू द्यायच्या. टोमॅटोचा गर बियांसकट पाण्यात दोन-तीन दिवस ठेवला की बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं, मग धुऊन सावलीत वाळवायचं. पाकिटावर संकरित लिहिलेलं बी यासाठी घेऊ नका, पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात. भोपळा शेजारच्या जातीशी संकर पावतो, त्याचं बी राखण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नका. पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि आठवड्याने किती मोड आले ते बघायचं. दहापैकी सात म्हणजे सत्तर टक्के. टक्केवारीचा धडा इतका सहज दुसरीकडे शिकवता येत नाही. आणि या वर्षीच्या वर्गाने राखलेलं बी पाकिटात घालून, त्यावर काय अनुभव आला ते चार ओळींत लिहून, पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्यायचं. खालच्या वर्गातली मुलं त्या पाकिटांची वाट बघायला लागतात.

भोपळ्याचा वेल बियाण्यासाठी नको, पण परागीभवनासाठी मात्र हवाच. त्याला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नराचा देठ सरळ आणि बारीक, मादीच्या फुलामागे इवलासा भोपळा आधीच बसलेला. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात आणि गळतात, तेव्हा मुलं काळजीत पडतात. त्यांना लगेच उत्तर देऊ नका, पहिलं मादी फूल आलं की दोन्ही प्रकारचं एकेक फूल तोडून उभं कापून बघायला सांगा. पुढे आणखी मादी कळ्या दिसू लागल्या की एका कळीवर आदल्या संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी बांधा आणि दुसरी तशीच उघडी ठेवा. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. पिशवीतल्या फुलाचा छोटा भोपळा काही दिवसांत पिवळा पडून गळतो, उघड्या फुलाचा वाढू लागतो. तिसऱ्या कळीवरही पिशवी बांधा, ती सकाळी सोडून मुलांनी नर फुलातले पराग मऊ कुंचल्याने आत लावायचे आणि पिशवी पुन्हा बांधायची. हे फळ धरलं तर ते मुलांनी घडवलेलं असतं. माणसाचं जेवण कीटकांवर कसं अवलंबून आहे, यावर मग वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

कीटकांची भीती आणि किळस हा मोठा अडसर असतो. मावा पडला की मोठ्यांचा हात फवाऱ्याकडे जातो. मुलांच्या बागेत कीटकनाशक नकोच, पण त्याआधी एक झाड तसंच सोडून त्याच्यावर पाळत ठेवा. माव्याच्या मागे मुंग्या येतात, कारण माव्याच्या अंगातून निघणारा गोड द्रव त्यांना हवा असतो. काही दिवसांत मावा खाणारे ढालकिडे (लेडीबग) येतात. त्यांची अळी काळपट, लांबुळकी, नारिंगी ठिपक्यांची असते आणि ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. म्हणून लोक शत्रू समजून तीच मारतात. कोषात जाण्यापूर्वी एक अळी शेकडो मावा खाते. मुलांना भिंग द्या, रोज पाच मिनिटं तेच पान बघायला लावा आणि किती मावा, किती अळ्या हे वहीत लिहायला सांगा. काही वेळा ढालकिडे येतच नाहीत आणि झाड जातं. तेही वहीत लिहायचं.

शेंगवर्गातलं झाड काढताना उपटून फेकू नका. वाटाणा किंवा चवळी फुलोऱ्यात असताना एक झाड हलक्या हाताने मातीसकट उचला, मुळं पाण्यात धुवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देत आहेत असं समजायचं. पांढरट किंवा हिरवट निघाली तर ते काम चालू नाही. नखाएवढ्या जागेत जमीन, हवा आणि अन्न यांचा संबंध मुलांना दिसतो.

कंपोस्टबद्दल थोडक्यात. वाळका पाला दोन-तीन भाग, ओला हिरवा कचरा एक भाग, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा. वास आला तर वाळकं कमी पडलंय. ढीग साधारण एक घनमीटरचा झाला तर आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, लहान ढीग तापत नाही पण कुजतो, आणि शाळेला तेवढं पुरतं. शिजवलेलं अन्न त्यात टाकू नका, उंदीर येतात.

सुरक्षिततेच्या काही गोष्टींत मात्र मुलांचं मत घ्यायचं नाही, त्या मोठ्यांनीच पक्क्या करायच्या. जागा जुन्या इमारतीच्या भिंतीलगत, गजबजलेल्या रस्त्याकडेला किंवा जुन्या कारखान्याच्या जमिनीवर असेल, तर खाण्याचं काही लावण्यापूर्वी मातीतल्या शिशाची तपासणी करून घ्या. जुन्या रंगांत शिसं असे आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. निकाल वाईट आला तर खाली जाड कापड घालून वर बाहेरच्या स्वच्छ मातीचे उंच वाफे करा. वाफ्यांच्या कडेला रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर किंवा रसायन मुरवलेलं जुनं लाकूड वापरू नका. गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी बुरशीनाशक लावलेलं असतं, ते मुलांच्या हातात द्यायचं नाही. ताजं शेण घातलेल्या वाफ्यातली मातीला टेकणारी भाजी किमान १२० दिवस तोडायची नाही. सगळ्यात बरं म्हणजे पूर्ण कुजलेलंच खत घ्या. कण्हेर, धोतरा आणि एरंड बागेच्या आसपास नको. बटाट्याचे हिरवे झालेले भाग आणि टोमॅटोची पानं खायची नाहीत, राजम्याचे कच्चे दाणे तर मुळीच नाहीत. ते भिजवून, पाणी टाकून, खळखळून उकळल्याशिवाय विषारी असतात. मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी कुणाला आहे ते पालकांना आधी विचारून ठेवा. बाहेर पडताना साबणाने हात धुणं रोजचं.

मोठा वर्ग एकदम बागेत नेऊ नका. चाळीस मुलं आणि चार खुरपी असली की छत्तीस जण एकमेकांवर माती उडवतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. एका वेळी आठ-दहा जण मातीत, बाकीचे गट वेगळ्या कामावर: एक गट उंची मोजून आलेख काढतो, एक वहीत चित्रं काढतो, एक कंपोस्ट बघतो, एक बियाणं निवडतो. पंधरा मिनिटांनी अदलाबदल. अवजारं खेळण्यातली आणू नका, ती पहिल्याच दिवशी मोडतात. खरी पण लहान मुठीची खुरपी आणि बारीक धारेची झारी घ्या. पाणी घालायचं का, हे वेळापत्रकावर ठरवू नका. बोट मातीत पाच सेंटिमीटर खुपसायचं, टोकाला ओल लागली तर आज पाणी नाही. जास्त पाण्याने मेलेली रोपं मी तहानेने मेलेल्या रोपांपेक्षा अधिक पाहिली आहेत. आठवड्यातून एक पूर्ण तास आणि बाकी दिवशी पाच मिनिटांची फेरी, एवढं पुरतं. ती पाच मिनिटं मात्र चुकवू नका, कारण कळीचं फूल झालेलं नेमकं त्याच फेरीत दिसतं.

वेगळा 'बागेचा तास' ठेवण्यापेक्षा गणिताच्या, भाषेच्या, विज्ञानाच्या शिक्षकांनी आपापला एक धडा बागेत घ्यावा. एकाच शिक्षकाच्या उत्साहावर चालणारी बाग त्यांची बदली झाली की संपते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत सरकारने शाळेच्या बागांसाठी मुलांची देशव्यापी मोहीम उभारली होती. युद्ध संपलं, पैसा थांबला आणि मोहीम गुंडाळली गेली. ज्या कारणासाठी बाग उभी राहते ते कारण टिकणारं हवं, आणि शाळेत सगळ्यात टिकणारं काही असेल तर तो अभ्यासक्रम.

वस्तीतल्या लोकांची मदत घ्या, पण काय करायचं ते आधी बोलून घ्या. ज्यांना शेतीचं ज्ञान आहे त्यांना सांगा की मुलांनी विचारलं तरच दाखवायचं आणि खुरपं मुलाच्या हातातून काढून घ्यायचं नाही. अनुभवी माणसाला हे जड जातं, मला ते ठाऊक आहे, तरी ते आवश्यक आहे. त्यांना स्वतःचा एक-एक वाफा द्या, म्हणजे त्यांचं कौशल्य त्यात दिसेल आणि मुलं आपणहून जाऊन बघतील, विचारतील. वाफा मिळालेला माणूस सुट्टीतही येतो, हा त्यातला दुसरा फायदा.

सुट्टीसाठी एक कागद करा. फाटकाची किल्ली कुणाकडे, कुठल्या आठवड्यात पाणी कुणाचं, नळ बिघडला तर कुणाला सांगायचं, हे त्यावर नावानिशी लिहा आणि फाटकावर लावा. रिकामे झालेले वाफे उघडे ठेवू नका, त्यांवर हातभर जाडीचा वाळका पाला पसरा. ओल टिकते आणि परत आल्यावर खालची माती मऊ मिळते. भोपळा सुट्टीच्या थोडं आधी लावलात आणि पाण्याची ही व्यवस्था चोख असेल, तर मुलं परततात तेव्हा वेल पसरलेला असतो. सुट्टीत जे पिकेल ते त्या आठवड्यात पाणी घालणाऱ्याचं, हेही त्याच कागदावर लिहा, म्हणजे पुढे कुरबूर होत नाही. फक्त रंगीत फडकं बांधलेल्या झाडांना कुणी हात लावायचा नाही, ती बियाण्याची आहेत.